परसातील बटाटा आणि नाशिकची काळी माती

आपल्या स्वयंपाकघरात बटाटा इतका रुळला आहे की, तो कधी काळी परदेशातून आला असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. उपवासाच्या दिवशी वांगे चालत नाही, टोमॅटो चालत नाही. परंतु त्यांचाच सख्खा भाऊबंद असलेला बटाटा मात्र निर्धास्तपणे पानात येऊन बसतो. या पाहुण्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. 'बटाटा' हे नावही आपण पोर्तुगीजांकडूनच उचलले आहे.

माणूस दूर देशी गेला तरी त्याच्या सवयी सुटत नाहीत, तसेच वनस्पतीचेही आहे. बटाट्याला थंड रात्री हव्यात आणि पायाखाली भुसभुशीत, मोकळी, किंचित आम्ल माती हवी. यांपैकी पहिली गोष्ट नाशिककरांना विनासायास लाभली आहे. दिवाळी सरली की गोदावरीच्या खोऱ्यात थंडी उतरू लागते. निफाडच्या गारठ्याच्या बातम्या तर आपण दरवर्षी वाचतो. दुसरी गोष्ट मात्र मिळवावी लागते. ती न मिळवता बटाटा लावला म्हणजे काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शहराबाहेर नव्या घरात राहावयास गेलो. घरामागे चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा जमिनीचा तुकडा मोकळा होता. माती काळीभोर, म्हणजे उत्तमच असणार, अशी माझी समजूत. जवळच्या गोठ्यातून ताजे शेण आणून पसरले, बंबातील सारी राख ओतली, दुकानातून आणलेला युरिया हात सैल सोडून टाकला आणि कुदळीने वरवर खणून साडेतीन किलो बेणे लावले. महिन्याभरात रोपे अशी तरारली की, येणारा-जाणारा थांबून पाहू लागला. फेब्रुवारीत मोठ्या उत्साहाने वाफा खणला, तेव्हा पाने जितकी डौलदार तितकेच बटाटे केविलवाणे निघाले. कोणी सुपारीएवढा, कोणी वाकडातिकडा, कोणाच्या अंगावर खवड्यांचे खडबडीत डाग. सगळे मिळून तीन किलो भरले. घातले त्याहून अर्धा किलो कमी!

शेजारी निफाडकडचे एक आजोबा राहत असत. त्यांनी आयुष्यभर शेती केली होती. त्यांनी वाफ्यातले एक ढेकूळ उचलून पायरीवर आपटले. ढेकूळ फुटले नाही. मग ते हसून म्हणाले की, माझी जमीन मुळीच उपाशी नव्हती. उलट मी तिला नको इतके खाऊ घातले होते. तिचा श्वास कोंडला होता, आणि बटाटा पोसला जातो तो जितका अन्नावर तितकाच हवेवर.

आजोबांच्या बोलण्याचा उलगडा होण्यासाठी बटाटा म्हणजे काय, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे. गाजर किंवा मुळा ही झाडाची मुळे होत. बटाटा मूळ नव्हे. त्याच्या सालीवर जे डोळे दिसतात, त्यांतून कोंब फुटतात. आणि असे डोळे खोडालाच असतात. रोपाच्या जमिनीतील भागापासून दोऱ्यासारख्या बारीक फांद्या आडव्या सरकत जातात. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न या फांद्यांच्या टोकांशी साठू लागते, टोक फुगते आणि त्याचा बटाटा होतो. म्हणजे बटाटा हे जमिनीखाली वाढलेले खोडच आहे. आता कल्पना करा, त्या कोवळ्या टोकाला फुगावयाचे आहे आणि चारी बाजूंनी घट्ट माती आवळून बसली आहे. ते फुगणार तरी कसे? शिवाय फुगताना ते श्वासही घेत असते. माती पाण्याने चिंब होऊन तिच्यातील हवा निघून गेली की, त्याची वाढ खुंटते, आणि फार दिवस तसेच राहिले तर ते कुजते.

आपली काळी माती नेमकी येथेच अडवणूक करते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा काळा बेसाल्ट खडक झाला. त्या खडकाची झीज होऊन ही माती बनली. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म व चपट्या पापुद्र्यांचे असतात. पाऊस पडला की, पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरते आणि माती फुगते. ऊन लागले की, पाणी उडून जाते, माती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणूनच ती पावसाचे पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, आणि म्हणूनच गव्हाला व हरभऱ्याला ती इतकी मानवते. बटाट्याला मात्र ओली असताना ती चिकट गाळासारखी वाटते आणि वाळली की दगडासारखी. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांनी, त्यातही सातगाव पठाराने, बटाट्यासाठी नाव मिळवले, त्याचे एक कारण तेथील निचऱ्याच्या जमिनी हेच आहे.

नाशिक जिल्ह्यातही सर्वत्र एकच माती नाही. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठांनी खोल काळी जमीन आहे. उताराला ती हलकी, कोरळ होते. माळावर बरड लागते. आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगराळ भागात ती तांबूस दिसू लागते. घराभोवतीच्या मातीची तर आणखी वेगळीच तऱ्हा. आपले जुने लोक शेतजमिनीला 'काळी' आणि गाव जेथे वसले त्या जागेला 'पांढरी' म्हणत. पांढरीत पिढ्यान्पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळलेली असते. नव्या वसाहतीत त्याऐवजी सिमेंट, चुना आणि विटांचे तुकडे पुरलेले आढळतात. यामुळे मातीचा सामू वाढतो. सामू म्हणजे आम्लता व अल्कता मोजण्याचे माप. सात हा त्याचा मध्यबिंदू. बटाटा साडेपाच ते साडेसहा सामूच्या मातीत सुखावतो, आणि आपल्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. मी ओतलेली बंबाची राख स्वतः अल्कधर्मी होती. खवड्या रोगाला असलीच माती आवडते, आणि कच्च्या शेणखताने तो आणखी बळावतो. अशा रीतीने मी त्याला दोन्ही हातांनी निमंत्रण दिले होते.

तुमच्या अंगणातील माती कोणत्या जातीची आहे, हे पाहण्याचा एक सोपा प्रयोग आहे. काचेची उंच बाटली घेऊन तिचा तिसरा हिस्सा मातीने भरा. तीत पाणी ओता, झाकण लावून जोराने हलवा आणि बाटली एका जागी ठेवून द्या. मिनिटाभरात जो थर तळाशी बसेल, तो वाळूचा. त्यानंतर काही तासांत पोयट्याचा थर बसतो. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले, तर ती चिकणमातीची करामत समजावी. माझी बाटली आठवडा लोटला तरी निवळली नव्हती.

अशी माती पाहून पुष्कळांना वाटते की, दोन-चार पाट्या वाळू मिसळली म्हणजे काम झाले. तसे होत नाही. एवढ्याशा वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि मिश्रण पूर्वीपेक्षाही घट्ट होते. या मातीला मोकळे करण्याचा खरा उपाय म्हणजे तिच्यात चांगले कुजलेले खत घालणे. कुजलेल्या पालापाचोळ्यापासून जो काळा, मऊ, गंधयुक्त पदार्थ होतो, त्याला ह्यूमस म्हणतात. तो मातीच्या सूक्ष्म कणांना एकत्र गुंफून त्यांच्या लहान लहान रवाळ गोळ्या करतो. गोळ्यांच्या मधे पोकळ्या राहतात. त्यांतून जास्तीचे पाणी निघून जाते आणि हवा आत येते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, डोंगरावरील पानाफुलांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन जमिनी सुपीक होत असत, याकडे लक्ष वेधले आहे. अंगणात तो पूर कोठून येणार? तेथे खत आपणच करावयाचे.

या कामाची एक उत्तम पद्धत नाशिकवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यानेच पुढे गेल्यावर लागणाऱ्या इंदूर शहरात सिद्ध झाली. माळव्याची जमीनही आपल्यासारखीच काळी. तेथे १९२४ साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ वस्तूंपासून उत्तम खत कसे करावे, याचा शोध घेतला आणि १९३१ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. तिचे मर्म असे की, काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचावेत, ढीग ओला ठेवावा परंतु चिखल होऊ देऊ नये, आणि ठरावीक काळाने तो परतून त्याला हवा द्यावी. तीन महिन्यांत खत तयार होते. उकिरड्यात वर्षभर पडून राहिलेला कचरा ना धड कुजतो, ना धड राहतो. तो कोणी परतत नाही, म्हणून त्याला हवा मिळत नाही. आणि हवेवाचून कुजवणारे जीवजंतू नीट काम करीत नाहीत.

इंदूरची एक युक्ती मला फार आवडते. कपाशीच्या पऱ्हाट्या लाकडासारख्या कठीण. त्या लवकर कुजत नाहीत. तेव्हा त्या शेतातील रस्त्यावर पसरून ठेवीत. ये-जा करणाऱ्या बैलगाड्यांची चाके व बैलांचे खूर त्यांवरून जाऊन त्यांचा आपोआप भुगा होई. नाशिकच्या द्राक्षबागांतून छाटणीच्या वेळी निघणाऱ्या काड्या अशाच कठीण असतात. त्या आणावयाच्या असतील, तर ठेचून बारीक करूनच ढिगात घालाव्यात. घरच्या ढिगासाठी मात्र वाळलेली पाने, भाजीचे देठ, उसाचे पाचट आणि शेण एवढे साहित्य पुरे होते. ढीग बरोबर जमला आहे की नाही, हे नाकाने कळते. दुर्गंधी आली, तर आत हवा नाही, ढीग परतावा. पावसानंतर मातीला येतो तसा वास येऊ लागला, म्हणजे खत पिकले.

पिकलेलेच खत घालावे, हा आग्रह का? ताजे शेण जमिनीत कुजताना उष्णता निर्माण होते आणि कोवळ्या मुळांना ती सोसत नाही. त्याच्या वासाने हुमणीचे भुंगेरे येतात. त्यांच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या जमिनीत राहून बटाट्यांना भोके पाडतात. आणि कच्च्या शेणातील तणांचे बी तुमच्या वाफ्यात आयते पेरले जाते, ते निराळेच.

आजोबांच्या देखरेखीखाली दुसऱ्या वर्षीची तयारी आम्ही बटाट्यापूर्वी सहा महिने सुरू केली. हेच सगळ्यांत महत्त्वाचे. ज्याला ऑक्टोबरात बटाटा आठवतो, त्याला उशीर झालेला असतो. एप्रिलमध्ये टिकावाने वीतभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात तापू दिली. उन्हाने काही किडी व तणांच्या मुळ्या मरतात आणि पहिल्या पावसात तापलेली ढेकळे आपोआप फुटतात. विटांचे व सिमेंटचे तुकडे वेचून काढले. दोन घमेली भरली. जूनमध्ये शंभर ग्रॅम ताग पेरला. ताग ही शेंगवर्गीय वनस्पती असून तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. सहा-सात आठवड्यांनी फुले दिसू लागताच तो उपटून, तोडून जमिनीत गाडला. हे हिरवळीचे खत. उरलेल्या पावसात ते कुजून गेले. सप्टेंबरच्या शेवटी ढिगातले पिकलेले खत तीस किलो, म्हणजे तीन घमेली भरून, साऱ्या वाफ्यावर सारखे पसरले.

त्यानंतर वाट पाहावी लागली ती वापश्याची. वापसा हा आपल्या शेतकऱ्यांचा फार मोलाचा शब्द आहे. माती ना ओली ना कोरडी, अशी काम करण्याजोगी असते, त्या अवस्थेला वापसा म्हणतात. मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. लाडू पडून मोकळा झाला, तर वापसा आला. चपटा होऊन चिकटला, तर थांबावे. कारण ओली काळी माती खणली वा तुडवली की तिची वीट होते, आणि मग सारे खत वाया जाते. मला घाई झाली होती. आजोबांनी दोनदा लाडू टाकून दोनदा मला परत पाठवले. तिसऱ्यांदा, चार दिवसांनी, कुदळ हाती दिली.

आता अन्नाचा विचार. वनस्पतीला नत्र, स्फुरद व पालाश ही तीन अन्ने मोठ्या प्रमाणावर लागतात. नत्राने पाने वाढतात, स्फुरदाने मुळे बळावतात आणि पालाशामुळे पानांतील अन्न खाली बटाट्याकडे नीट वाहते. महाराष्ट्रात बटाट्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश अशी मात्रा सांगितली जाते. बारा चौरस मीटरांच्या आमच्या वाफ्याला त्रैराशिक मांडले, तेव्हा २६० ग्रॅम युरिया, ४५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि २४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश एवढा हिशोब आला. पहिल्या वर्षी मी किती युरिया टाकला होता, ते मोजलेच नव्हते. पण पिशवी रिकामी झाली होती, एवढे आठवते. नत्र प्रमाणाबाहेर मिळाले की, रोप पानांच्याच वाढीत दंग होते आणि बटाटे धरावयाचे विसरते. म्हणून अर्धा युरिया लागवडीच्या वेळी आणि उरलेला महिन्याने द्यावा. स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या चुनखडीयुक्त मातीत ते चुन्याशी जखडून जाते व मुळांना मिळत नाही. तेव्हा ते वाफाभर न फेकता पिकलेल्या खतात कालवून सरीत, बेण्यापासून चार बोटे बाजूला घालावे. राखेत पालाश असते हे खरे, तथापि अल्कधर्मी जमिनीत तिचा मोह टाळलेलाच बरा. माती एकदा तपासून घेतली, तर हे सारे आकडे आपल्या वाफ्यापुरते कमी-जास्त करता येतात.

जागेबद्दलही एक पथ्य आहे. जेथे नुकतीच वांगी, मिरच्या किंवा टोमॅटो होऊन गेले, तेथे बटाटा लावू नये. ही सारी एकाच कुळातली. एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. बटाटा कापला असता आत तपकिरी कडे दिसते, तो 'बांगडी' रोग असाच मातीतून येतो आणि पुण्याकडील शेतकऱ्यांना तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे.

नोव्हेंबरच्या आरंभी दोन-दोन फुटांवर सऱ्या पाडल्या आणि वीत-वीत अंतराने अंड्याएवढे अख्खे बेणे ठेवले. बेणे 'कुफरी ज्योती' जातीचे होते. सिमल्याजवळ कुफरी नावाचे ठिकाण आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ साली सिमल्यास गेली. तिने काढलेल्या जातींना या गावाचे नाव लावतात. लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलके पाणी दिले. त्याला आंबवणी म्हणतात. पुढेही पाणी थोडे थोडे, सऱ्या अर्ध्याच भरतील इतके, आठवड्याच्या अंतराने देत गेलो.

महिन्याने रोपे वीतभर झाली, तेव्हा उरलेला युरिया देऊन दोन्ही बाजूंची माती रोपांच्या बुडाशी ओढली. यास भर देणे म्हणतात, आणि काळ्या मातीत यात हयगय करून मुळीच चालत नाही. बटाट्यावर ऊन पडले की तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. असा बटाटा खाऊ नये. दुसरा शत्रू म्हणजे एक लहानसा पतंग. १९०६ साली इटलीहून मागविलेल्या बेण्याबरोबर तो मुंबई इलाख्यात आला आणि आजतागायत गेलेला नाही. काळ्या मातीला भेगा पडल्या की, त्या वाटेने त्याच्या अळ्या थेट बटाट्यापर्यंत पोचतात. तेव्हा भर जाड असावी, पाण्याची पाळी चुकू नये आणि कोठे भेग दिसली, तर ती त्याच दिवशी खुरप्याने मातीने बुजवावी. हे काम माझ्या धाकट्या मुलीने आपणहून अंगावर घेतले होते. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून ती वाफ्याची पाहणी करी.

जानेवारीच्या अखेरीस पाने पिवळी पडू लागली, तेव्हा पाणी तोडले. दहा दिवसांनी आजोबा येऊन पायरीवर बसले. पहिले रोप कुदळीने उकरावे लागलेच नाही. वरंब्यात हात घालताच माती मोकळी झाली आणि एकामागून एक सहा बटाटे हाती आले. पाने गतवर्षीपेक्षा आखूडच होती. सगळा वाफा काढून तराजूत घातला, तेव्हा एकोणीस किलो भरले. आजोबांनी मात्र वजनाकडे पाहिले नाही. त्यांनी वाफ्यातील एक ढेकूळ उचलले, पायरीवर हलकेच टाकले, आणि ते फुटून पसरलेले पाहून, या जागी आता मूग टाका, असे सांगून ते घरी गेले.